बोअरच्या पाण्यातलं सिंक: मुळापासून सफाई आणि वर्षभराची निगा

बीड, लातूर, परभणी, कुठल्याही गावातल्या स्वयंपाकघरात स्टीलच्या सिंकवर एक पांढुरकी झाक दिसतेच. रोज दोनदा घासलं, पावडर संपली, घासणी झिजली, तरी सिंक वाळलं की झाक परत हजर. याचं कारण घासणारा हात नाही. ती झाक मळाची नसतेच, ती पाण्यातल्या क्षारांची असते. मराठवाड्याच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन बोअरमधून वर येतं. ज्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस धरत नाही, तेच पाणी सिंकवर वाळलं की दगड होऊन बसतं. उन्हाळ्यात टँकर आला तरी त्यातलं पाणी बहुधा कुठल्या तरी विहिरीचं नाहीतर बोअरचंच असतं.

दगड घासून जात नाही, तो विरघळवावा लागतो. त्यावर तेलाचा थर असेल तर आधी तेल काढावं लागतं, आणि पाइपात ज्वारीचं पीठ बसलं असेल तर त्याची तऱ्हा आणखी वेगळी. म्हणून थर कशाचा आहे ते आधी ओळखायचं आणि मगच बाटलीला हात लावायचा.

डाग कशाचा आहे?

सिंक सुती फडक्यानं पूर्ण कोरडं करा. ओल्या सिंकवर काहीच कळत नाही, ओल सगळे डाग झाकते. कोरड्या सिंकवर बोट फिरवा. बोट चिकटत असेल तर तेल. खरखरीत लागलं आणि रंग पांढरा असेल तर क्षार. खात्री हवी असेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की क्षार नक्की.

तांबूस ठिपके किंवा कडं दिसलं तर तो गंज, पण सिंकचाच असेल असं नाही. भाकरीचा लोखंडी तवा रात्रभर ओल्या सिंकात पडून राहिला की सकाळी त्याचं कडं उमटतं. तारेच्या घासणीचे बारीक तुकडे स्टीलवर रुतून गंजतात आणि दोष सिंकवर येतो. असा वरचा गंज निघतो. पण नखाला खळगा लागला तर स्टील आतून खाल्लं गेलंय. ते भरून येत नाही, तिथे निदान पाणी साचू द्यायचं नाही.

इंद्रधनुष्यासारखी निळी-जांभळी झाकही कधी दिसते. तिनं काही बिघडत नाही.

लागणारं सामान

खाण्याचा सोडा अर्धी वाटी. धुण्याचा सोडा २ मोठे चमचे. हे दोन वेगळे पदार्थ आहेत: खाण्याचा सोडा सौम्य आणि किंचित खरखरीत म्हणून घासायला बरा, धुण्याचा सोडा तेलावर कितीतरी जोरकस, पण हात सोलवटतो, म्हणून रबरी हातमोजे. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, ३ मोठे चमचे. भांड्यांचा द्रव साबण. जुना दातांचा ब्रश, जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे, एक रुंद टब, जुनी वर्तमानपत्रं.

घासायला हिरवी घासणी चालते, पण मऊ बाजूनं. त्याहून चांगलं म्हणजे वेलावर वाळलेलं गिलकं. साल आणि बिया काढल्या की राहते ती जाळी स्टीलला ओरखडा पाडत नाही आणि फुकट मिळते. राख आणि वाळू पितळेच्या हंड्यापुरती ठीक, स्टीलच्या सिंकला नको. ओरखड्यांत तेल आणि क्षार अडकतात आणि पुढच्या वेळी दुप्पट घासावं लागतं.

लिंबूसत्त्वाऐवजी व्हिनेगर चालेल, पण बाजारातल्या साध्या व्हिनेगरमध्ये आम्ल साधारण ४ टक्केच असतं आणि खोलीभर वास राहतो. लिंबूसत्त्व स्वस्त पडतं, वास नाही, आणि हवं तेवढं तीव्र करता येतं. ताजं लिंबू या कामाला वाया घालवू नका, ते शेंगदाण्याच्या चटणीवर पिळा.

एक मोठा गैरसमज इथेच काढून टाकू. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फसफसतं आणि काम होतंय असं वाटतं. होतं ते इतकंच की आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि मागे जवळजवळ साधं खारट पाणी उरतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकापाठोपाठ. मध्ये धुऊन.

ज्या बाटल्या सिंकजवळही आणायच्या नाहीत

फरशीचं ॲसिड आणि संडास साफ करायचं निळं द्रावण, दोन्हींत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्षार क्षणात जातात हे खरं, पण त्याबरोबर स्टीलचं कवचही जातं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. क्लोराइड तो थर फोडतं आणि आत खळगे पाडतं. सिंक काळवंडतं आणि ती काळोखी पुढे कशानंच जात नाही. ही बाटली अर्धवट झाकण लावून सिंकखाली ठेवली तरी तिची वाफ स्टीलला खालून गंजवते. स्वयंपाकघरातून ती बाहेरच काढा.

ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. छोट्या, बंद स्वयंपाकघरात तो फुप्फुसाला इजा करतो. लिंबूसत्त्वाच्या दिवशी ब्लीचची बाटली उघडायचीच नाही, इतका सोपा नियम ठेवा.

दगड सांभाळा

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ओटा कडप्प्याचा आणि मोरी शहाबादी फरशीची. दोन्ही चुनखडीचे दगड. जे आम्ल सिंकवरचा क्षार विरघळवतं तेच आम्ल हा दगडही विरघळवतं, कारण दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. काळ्या कडप्प्यावर लिंबाचं पाणी सांडून राहिलं की पांढुरका चट्टा पडतो. लोक त्याला डाग समजून आणखी लिंबू चोळतात आणि चट्टा वाढतो. तो डाग नाही, दगडाची झिलई खाल्ली गेलीय. पॉलिशशिवाय ती परत येत नाही.

म्हणून सिंकला आम्ल लावण्याआधी भोवतीच्या कडप्प्यावर कोरड्या टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि शेजारी साध्या पाण्याचा तांब्या ठेवा. थेंब उडाला की लगेच पाणी टाकून पुसायचं. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर इतकी भीती नाही, तरी साचू देऊ नका. ज्यांची मोरीच शहाबादीची आहे त्यांनी आम्ल पूर्ण विसरावं. द्रव साबण, कडक ब्रश आणि क्षाराचा पापुद्रा खरवडायला जुनं प्लास्टिकचं कार्ड, एवढंच.

सफाई: क्रमानं

साधारण सव्वा तास आणि दोन बादल्या पाणी लागेल. नळाला पाणी येण्याचा वार असतो तो धरा, पण पाणी आल्याबरोबर सुरू करू नका. पहिल्या पाण्यात गाळ असतो.

सुरुवात नळापासून. तोटीच्या टोकाला जाळी असेल तर ती हातानं फिरवून काढा. हलली नाही तर भोवती फडकं गुंडाळून पान्यानं, नाहीतर क्रोमवर दात उमटतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा लिंबूसत्त्व घालून त्यात ती अर्धा तास बुडवा. नळाची धार वाकडी किंवा बारीक झाली की लोक नळ बदलायला निघतात. बहुतेक वेळा दोष या जाळीचा असतो: आत वाळूचे कण आणि बाहेर क्षाराचं कवच. सुटे भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवा. रबरी वॉशर उलटा बसला तर गळती सुरू होते. तोटीच्या बुडाशी जमलेल्या क्षारावर त्याच पाण्यात भिजवलेली चिंधी गुंडाळा, पण क्रोमवर १५ मिनिटांपेक्षा जास्त नको.

तोवर खाली बसा. सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाइपातला पाणी आणि गाळ अडवून धरणारा भाग, आधी उघडायचा आणि सिंकचं भांडं नंतर घासायचं. उलटं केलं तर घासलेल्या सिंकवर परत काळं पाणी उडतं.

खाली टब ठेवा. बाटलीसारखा ट्रॅप असेल तर खालचा पेला हातानं डावीकडे फिरवत सोडवा. आत राखाडी, आंबूस लगदा निघेल. त्यात पीठ असतं, चहाचा चोथा असतो आणि मेणचट गोळेही असतात. हे गोळे नुसतं गोठलेलं तेल नसतात. जड पाण्यातलं कॅल्शियम तेलातल्या आम्लांशी जुळून न विरघळणारा साबण बनवतं आणि तो पाइपाला चिकटतो. त्यामुळे क्षाराच्या पाण्याच्या गावात सिंक लवकर तुंबतं.

लगदा नाल्यात ढकलू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. पेला साबणानं धुवा, आतली रबरी चकती बघा. चपटी किंवा चिरलेली असेल तर बदला, नसेल तर तिला साबणाचं बोट लावून बसवा. हातानं घट्ट करा आणि वर पाव फेरा, बस. पान्यानं आवळलेला प्लास्टिकचा पेला तडकतो. इथे टेफ्लॉन टेप लागत नाही, सांधा रबर धरतं. टेप नळाच्या पेचासाठी.

बऱ्याच घरांत ट्रॅप नसतोच. सिंकपासून पन्हाळी पडलेला वळवता येणारा पाइप थेट नहाणीच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जाण्याच्या भोकाच्या, जाळीत सोडलेला असतो. त्याच्या प्रत्येक वळीत तेल बसतं आणि आतून तो साफ होत नाही. दीड-दोन वर्षांनी तो सरळ बदला. शक्य असेल तर गुळगुळीत पीव्हीसी पाइप आणि ट्रॅप बसवून घ्या. तोवर पाइपाला खाली इंग्रजी यू-सारखं वळण देऊन तारेनं बांधा, म्हणजे त्यात निदान २ इंच पाणी कायम उभं राहील. हे उभं पाणी म्हणजे बूच आहे. दुर्गंधी आणि झुरळं दोन्ही त्याच्यापाशी थांबतात.

आता पाइपातलं तेल. धुण्याचा सोडा २ मोठे चमचे, १ लिटर पाणी. पाणी उकळतं ओतू नका: पीव्हीसी पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो, उकळत्या पाण्यानं तो मऊ पडतो, सांधे ढिले होतात. अंदाज सोपा आहे. अर्धा लिटर उकळतं आणि अर्धा लिटर साधं मिसळलं की बरोबर होतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा साधं थोडं जास्त घ्या. सोडा विरघळवून हळूहळू ओता, १५ मिनिटं थांबा, मग अर्धी बादली एकदम सोडा. बारीक धारेनं पाइप धुतला जात नाही, त्याला लोंढा लागतो. या लोंढ्यातच सांध्यांची परीक्षा करा: प्रत्येक सांध्याखाली कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा धरा. थेंब डोळ्याला दिसण्याआधी कागदाला दिसतो.

मग सिंकचं भांडं. आधी तेल. सिंक ओलं करा, द्रव साबणाचे दोन-तीन थेंब आणि खाण्याचा सोडा भुरभुरवून गिलक्याच्या जाळीनं घासा. स्टीलवर बारीक रेषा असतात, बहुधा लांबीच्या दिशेनं. घासणी त्याच दिशेनं चालवा. गोल गोल घासलं की उन्हात जाळं दिसतं. कोपरे, वरच्या काठाची खालची बाजू आणि जाळीभोवतीचं कडं हे ब्रशचं काम आहे. काठाखाली जी काळपट चिकट रेघ असते ती वरून कधीच दिसत नाही. आरसा धरा किंवा बोट फिरवा. नीट धुऊन काढा. साबण उरला तर आम्लाची ताकद त्यातच जाईल.

त्यानंतर क्षार. अर्ध्या लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे लिंबूसत्त्व. हे द्रावण उभ्या बाजूंवर नुसतं शिंपडलं तर घसरून जातं, म्हणून साडीचे तुकडे त्यात भिजवून भिंतींना पोतेऱ्यासारखे चिकटवा. तळाला उरलेलं ओता. १५ ते २० मिनिटं. जुना, पापुद्र्यासारखा थर असेल तर फडकं काढून घासा, पुन्हा ताजं द्रावण लावा. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळा: थर जाड असेल तर दोनदा करा, पण वेळ वाढवू नका. वाळू द्यायचं तर मुळीच नाही. गंजाचे ठिपके याच द्रावणात पुसट होतात. हट्टी ठिपक्यावर लिंबूसत्त्व आणि दोन थेंब पाणी असा लेप १० मिनिटं ठेवून फडक्यानं चोळा.

भरपूर पाण्यानं धुवा. आणि आता जी पायरी सगळे गाळतात ती: कोरड्या सुती फडक्यानं सिंक पुसून काढा. थेंब वाळू दिला की पाणी उडतं आणि क्षार तिथेच राहतो. तासभर केलेली मेहनत संध्याकाळी पुन्हा पांढरी दिसते ती यामुळे. शेवटची धार आरओ फिल्टरच्या टाकाऊ पाण्याची नको. ते साठवून भांड्यांना वापरणं चांगलं आहे, पण त्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त असतात. सिंकसाठी पहिल्या धुण्याला चालेल, शेवटच्याला नाही.

मटण, चिकन किंवा मासळी धुतली असेल त्या दिवशी साबणानं धुतल्यावर निर्जंतुक करायचं असेल तर ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा साधं ब्लीच. दोन मिनिटं, मग लगेच धुवा. जास्त घातलं तर जास्त स्वच्छ होत नाही, स्टीलला मात्र खळगे पडतात. उन्हाळ्यात ब्लीचची ताकद बाटलीतच उतरते, म्हणून लहान बाटली घ्या. आणि आधी सांगितलेलं विसरू नका: त्या दिवशी लिंबूसत्त्व नाही.

तुंबलं तर

आधी कुठे तुंबलंय ते बघा. फक्त सिंकचं पाणी थांबतंय आणि नहाणी मोकळी आहे, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा जवळच्या पाइपात. सिंकमध्ये ओतलेलं नहाणीत वर येतंय, तर पुढची लाइन. नहाणी, न्हाणीघर सगळंच मंद झालंय, तर बाहेरचं चेंबर उघडून बघा, आत वेळ घालवू नका.

ट्रॅप साफ करूनही पाणी उतरत नसेल तर रबरी पंप. त्यासाठी सिंक पूर्ण भरायची गरज नाही. नेहमीच्या २४ बाय १८ इंची सिंकला त्यासाठी चाळीसेक लिटर पाणी लागेल आणि पुढे ते उपसावंही लागेल. रबर बुडेल इतकं, दोन इंच पाणी पुरे. वर ओव्हरफ्लोचं भोक असेल तर त्यात ओलं फडकं कोंबा, दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याची जाळी दाबून धरायला कुणाला तरी बोलवा. हवा तिकडून निसटली तर सगळा जोर फुकट. पंधरा-वीस झटके, आणि शेवटी झटक्यात वर ओढा. काम ढकलण्यानं कमी आणि ओढण्यानं जास्त होतं.

पाइप मोकळा करायची कॉस्टिक सोड्याची पावडर हा शेवटचा उपाय. ती पाण्यात पडताच तापते. गरम पाणी घातलं तर उसळून अंगावर येते, म्हणून साधं गार पाणीच, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. पाणी अजिबात उतरत नसेल तर ती टाकूच नका. ती तुंबलेल्या जागी साचून ढेकूळ होते आणि मग पाइप उघडणाऱ्या प्लंबरच्या हातावर पडते. टाकलीच असेल तर त्याला आधी सांगा, आणि त्यावर पंप चालवू नका.

वास येतोय पण पाणी नीट जातंय, असं मे महिन्यात हमखास होतं. घर पंधरा दिवस बंद राहिलं, उन्हानं नहाणीतलं आणि ट्रॅपमधलं पाणी उडून गेलं, बूच निघालं. एक तांब्या पाणी ओता, झालं. गावाला निघताना त्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडलं तर ते उडायला वेळ लागतो. पाइपात तेल घालायची एवढीच एक वेळ.

रोजचं: पिठाला गार, तेलाला कोमट

भाकरीची परात गरम पाण्यानं धुऊ नका. ज्वारीच्या पिठातला स्टार्च साधारण ६५-७० अंशांपुढे फुगून खळ होतो. परातीतली खळ पाइपात जाऊन बसते. आधी कोरडं पीठ बोटांनी खरवडून गुरांच्या पाटीत किंवा कचऱ्यात टाका, मग परात गार पाण्यात भिजवा. उलट तर्रीच्या ताटाला गार पाणी लावलं की तेल न सुटता भांड्यावर आणि पाइपात पसरतं. काळ्या मसाल्याची लाल तर्री ताटात उरलीच तर वर्तमानपत्रानं पुसून घ्या आणि मग साबण, कोमट पाणी. भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून खाण्याची सवय ज्या घरात आहे त्या घराचा पाइप नशीबवान.

चहाचा चोथा, भाताची शितं, डाळीची टरफलं जाळीतच थांबली पाहिजेत. सिंकच्या जाळीची भोकं मोठी असतील तर तिच्यावर बसणारी बारीक स्टीलची जाळी भांड्यांच्या दुकानात मिळते. तळणीचं तेल कधीही सिंकात नाही. गार झाल्यावर पिशवीत भुशाबरोबर किंवा कागदात जिरवून कचऱ्यात.

लोणच्याची बरणी, मीठ लावलेल्या कैऱ्या, मिठाचं पाणी सिंकात तासनतास ठेवू नका. मिठातलं क्लोराइड तेच काम करतं जे फरशीचं ॲसिड करतं, फक्त सावकाश. तवा, कढई, विळी रात्री सिंकात नको.

झोपण्याआधी एकदा साबणाचा हात, धार आणि फडकं. फडकं आणि घासणी पिळून उन्हात. आपल्याकडे उन्हाची कमी नाही आणि वाळलेल्या घासणीला वास येत नाही. प्लास्टिकच्या टोपलीवर हळदीचा पिवळा रंग चढला असेल तर दिवसभर उन्हात ठेवा, हळद उन्हात उडते. साबणानं तो डाग लाल होतो म्हणून घाबरू नका, अल्काला हळद लालच होते.

आठवड्यातून एकदा अर्धा लिटर पाणी आणि १ चमचा लिंबूसत्त्व, १० मिनिटं, हे केलं तर वरची सगळी सव्वा तासाची कसरत दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरते. शिवाय महालक्ष्म्या, दिवाळी आणि लातूर-धाराशिवकडे येळवस (वेळ अमावास्येचा शेतातला सण) झाली की दुसऱ्या दिवशी ट्रॅप उघडाच. पुरणाचा कट, आंबील आणि भज्जीचं बेसन एका दिवसात जेवढं खाली जातं तेवढं एरवी महिन्यात जात नाही.

काठाचा सांधा

सिंक आणि ओटा यांच्या फटीत पांढरं सिमेंट भरलेलं असेल तर ते वर्षभरात तडकतं. पाणी खाली झिरपतं, खालचं फळकूट फुगतं, झुरळं घर करतात. जुनं सिमेंट ब्लेडनं खरवडा, स्पिरिटनं पुसा, रात्रभर वाळू द्या. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बुरशी न धरणारं सिलिकॉन ५-६ मिलिमीटर जाडीनं भरा, साबणाच्या बोटानं एका दमात सपाट करा, पट्टी लगेच काढा. मग २४ तास पाणी नाही. नळाला पाणी न येण्याचा दिवस या कामाला अगदी सोयीचा. काळं पडलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चढवू नका, ते धरत नाही. कापून काढा.

पाणी जातं कुठे?

परसात कर्दळ, केळ, अळू सिंकच्या पाण्यावर वाढत असेल तर सफाईच्या दिवशी पाइप तिकडून काढून गटाराकडे वळवा. लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्यानं फारसं बिघडत नाही, पण धुण्याच्या सोड्यातलं सोडियम काळ्या मातीला गच्च करतं, पाणी मुरेनासं होतं. ब्लीच आणि कॉस्टिक तर नाहीच.

पाणी शोषखड्ड्यात जात असेल, जसं नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर केलं, तर तेलाचा हिशेब आणखी कडक ठेवा. खड्ड्यातल्या दगडगोट्यांवर तेलाचा थर चढला की तो पाणी पिणं थांबवतो. खड्ड्याच्या तोंडाशी गाळ आणि तेल अडवणारं मडकं किंवा छोटी कुंडी हवी आणि ती महिन्याला उपसली पाहिजे.

नवं सिंक घेताना

खळगे पडले असतील, तळ दाबला की टणत्कार होत असेल किंवा जाळीच्या भोकाभोवती तडा असेल तर घासण्यात अर्थ नाही. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं, असं दुकानदार लावून दाखवतो, त्यावर जाऊ नका. ३०४ आणि स्वस्तातलं २०२ हे स्टीलचे ग्रेड, दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते लवकर डागाळतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. पत्रा १ मिलिमीटरचा असेल तर तळ दबत नाही. तळाला खालून रबरी पॅड आहे का आणि तळाचा उतार जाळीकडेच आहे का हे दुकानातच एक पेला पाणी ओतून बघा. पाणी कोपऱ्यात साचलं तर त्या कोपऱ्यात क्षार साचणार.